मोकळी थाप

जंगलूची बोटं गप्प बसत नाहीत, ही पंचफुलाबाईची तक्रार होती. आणि ती तिनं घरात पुटपुटून नाही केली, अंगणाच्या मधोमध उभी राहून शेजारच्या घरांतही ऐकू जाईल अशी केली. पोरगा पाच वर्षांनी कलकत्त्याहून आला, बापाच्या खाटेशी बसला, डोळे पुसले, इथपर्यंत तिला काही म्हणायचं नव्हतं. पण डोळे पुसून झाल्यावर हात कुठं गेला, तर खाटेच्या गातावर, बाजूच्या लाकडावर. बाप खोकतोय आणि हा बोटं वाजवतोय. पाण्याचा गडवा दिला तर गडव्यावर. भाकर वाढली तर पितळीच्या काठावर.

"काऊन रे, बोटायले खरूज झाली काय तुह्या?"

"सवय हाये, माय. मले कळतबी नाई."

"कळत नाई म्हंते! बाप इकडे मरून राह्यला अन् ह्याच्या बोटायचं लगन लागून राह्यलं."

खाटेवर कवडू हसला. हसू छातीपर्यंत गेलं आणि तिथंच अडकून त्याचा खोकला झाला. त्याची छाती जिनानं खाल्ली होती. कापसाच्या हंगामात वर्ध्याच्या जिनात कापूस रेटायचा आणि उरलेलं वर्ष घरच्या वाडीत वांगी-मेथी पिकवायची, यात त्याचं आयुष्य गेलं. कापसाची भुरी नाकातोंडातून आत जाते, ती बाहेर येत नाही. डॉक्टरनं छातीला नळी लावून पाहिली आणि आता घरीच राहू द्या म्हणाला. पंचफुलाबाई शाळेत गेली नव्हती, पण डॉक्टर घरी राहू द्या म्हणतो त्याचा अर्थ तिला कळत होता. तिनं वर्धा ठेसनावर हमाली करणाऱ्या प्रेमदासला गाठलं, त्यानं हावड्याच्या मेलवरच्या माणसांकरवी निरोप धाडला, आणि पंधरवड्यात जंगलू आला.

कवडू आता तिला गोंडीत म्हणाला की राहू दे, पोराची बोटं माझीच आहेत. नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं गोंडीतच असायचं. पोराशी मात्र दोघंही वऱ्हाडी बोलत.

 तुझीच असती तर काळजी कशाची होती, हे तोंडाशी आलेलं पंचफुलाबाईनं गिळलं. तिनं गिळलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. वर्ध्याच्या बाजारात तिची वांगी आणि तिची जीभ दोन्ही ओळखीची होती.

जंगलूनं सोबत एक ढोल आणला होता. कमरेएवढा उंच, खाली निमुळता, वरच्या एकाच तोंडाला कातडं लावलेला. खाकी खोळीतून तो बाहेर निघाला तेव्हा तिनं भोवती एक चक्कर मारली.

"ही कोठी काहाले आणली? जवारी भरू काय ह्याच्यात?"

"ढोल हाये तो, माय. बेटावरच्या लोकायचा. होटलातल्या बाज्यात मी हाच वाजवतो. जॅझ म्हंतात त्या बाज्याले."

"एकाच तोंडाचा? बाकीचं अर्धं कोन खाल्लं?"

जामच्या फाट्यापासून कोसभर आत त्यांचा टोला होता, आठ-दहा गोंड घरांचा. त्या टोल्यात ढोल म्हणजे कवडूचा ढोल. शिवणीचं खोड कोरून त्याच्या आजानं केलेला, दोन तोंडांचा, गळ्यात अडकवायचा. आणि त्या ढोलावर कवडूच्या घराण्याचा एक ठेका होता. त्याला ते 'वाट' म्हणत. माणूस मेला की घरापासून मसणापर्यंत वाट वाजवायची, काडी न लावता, उघड्या तळहातांनी. ऐकायला साधी. धुम् ताक, धुम् ताक, धुम्... आणि शेवटची थाप मारायचीच नाही. हात उचलायचा आणि हवेतच धरायचा. ती थाप मेलेल्याची. तेवढ्या मोकळ्या जागेत तो आपलं पाऊल टाकतो. वाजवणाऱ्यानं ती जागा भरली तर मेलेल्याला पाय ठेवायला काही उरत नाही, तो वाटेतच अडकतो, आणि अडकलेला माणूस घराकडे फिरतो. म्हणून वाट मोडली तर मढं पुढं नेता येत नाही. ते परत आणायचं, अंगणात ठेवायचं आणि पुन्हा उचलायचं. असं झालेलं पंचफुलाबाईनं कधी पाहिलं नव्हतं. सासूच्या तोंडून ऐकलं होतं तेवढंच, आणि तेही सासूनं आवाज खाली आणून सांगितलं होतं.

बापाची वाट पोरानं वाजवायची. पोर नसलं किंवा त्याला येत नसलं तर भावाच्या पोरानं. भावाचा पोरगा होता, घनश्याम. पण त्याचा हात म्हणजे मुसळ. ठेका चुकत नसे, पण कांडल्यासारखा वाजे. जंगलूचा हात वेगळा. लहानपणी कवडूनं त्याला नदीच्या रेतीत नेऊन वाट शिकवली होती, कारण माणसं नांदतात तिथं ती वाजवत नाहीत. आणि तेव्हा कवडू घरी येऊन बायकोला म्हणाला होता, की माझ्या मरणाची सोय झाली.

तेच तो आता खाटेवरून पुन्हा पुन्हा सांगत होता. जंगलूनंच वाजवायची. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका.

आणि पंचफुलाबाईला घोर लागला होता. दोन दिवस ती मेथी निवडत कान देऊन बसली. गातावर, गडव्यावर, चौकटीवर पोराची बोटं जिथं म्हणून वाजत, तिथं शेवटी थांबत नव्हती. उलट शेवटीच जोरात पडत. दोनदा. धुम्-धुम्. जिथं हात हवेत राहायचा नेमकं तिथं.

डोमाजीनंही ते ऐकलं होतं. डोमाजी टोल्याचा भुमका, देवाधर्माचं आणि जन्ममरणाचं पाहणारा, कवडूच्या बरोबरीचा म्हातारा. तो अंगणात येऊन बसला, तंबाखू मळली आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "वयनी, घनश्यामले सांगून ठेवू काय?"

"काऊन? माहा पोरगा मेला काय?"

"तसं नाई म्हंत मी. पाच सालं तो परमुलखात होता. हात बदलते मानसाचा."

"डोमाजी, तुह्या पोराले अजून बैल सुदे जुपता येत नाईत. तू माह्या पोराच्या हाताची गोठ करू नको."

डोमाजी तंबाखू तोंडात टाकून उठला. "मी बुढ्यासाठी म्हंलं," म्हणाला आणि गेला. पंचफुलाबाई सुपाशी बसून राहिली. डोमाजी खरं बोलत होता, म्हणूनच ती एवढी तडकली होती. पण टोल्यापुढं उभं राहून माझ्या पोराला बापाची वाट येत नाही असं म्हणायचं, तर त्यापेक्षा जीभ कापून दिलेली तिला परवडली असती.

दुसऱ्या दिवशी जंगलू बापाचा ढोल घेऊन नदीकडं गेला. उन्हं वर आल्यावर ती भाकर बांधून मागं गेली. तो रेतीत बसला होता, ढोल मांडीवर, हात रिकामे. ती समोर बसली.

"हे शेवटी दोनदा मारनं तुले कोन शिकवलं?"

त्यानं मान वर केली. आपली बोटं आई ऐकत होती हे त्याला त्याच क्षणी कळलं असावं.

"साल्वादोर मास्तरनं. गोव्याचा हाये. इथून ज्या सर्कशीसंगं गेलो, ते सोडल्यावर मी कलकत्त्यात होटलात भांडे घासत होतो. एक दिवस टबावर वाजवत बसलो तं तो मांगं येऊन उभा राह्यला. आधी जहाजावरच्या बाज्यात होता तो. लय दूर दर्यात बेटं हायेत, तिथं ताप येऊन पडला अन् जहाज निघून गेलं. तिथच्या एका बुढ्याजवळून हे शिकला. मंग मले शिकवलं."

"कोन लोक ते?"

"काळे. आपल्याहून काळे. त्यायच्या आज्या-पणज्यायले साखळ्या घालून जहाजात कोंबून आणलं होतं, ऊस कापाले. ढोल तेवढा त्यायनं हातात जपून आणला. एका बेटावर सरकारनं ढोलबंदी केली, तं लोकायनं बांबू तोडले अन् जमिनीवर आपटून ठेका धरला. मास्तर सांगे."

पंचफुलाबाई रेतीत बोट फिरवत होती. बांबू जमिनीवर आपटणारी माणसं तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि ती तिला परकी वाटली नाहीत.

"मंग ढोल नाई तं त्यायचे मेलेले कसे जात असतीन?"

जंगलूनं ढोलाचा पट्टा उगाच सरळ केला.

"इचारलं नाई तू?"

"नाई."

"मास्तरनं सांगितलं नाई?"

"त्याले ठेका पाह्यजे होता, माय. नाचाले."

मग त्यानं शिकण्याची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता त्याचा चेहरा उजळला, ते तिला दिसलं. आधी तोंडानं बोल म्हणायचे, मग मांडीवर, मग कातड्यावर. डावा तळहात कातड्यावर पडूनच डोलवायचा, एकदा टाचेकडून, एकदा बोटांकडून. उजव्यानं एक चापट, दाबून. आणि शेवटी दोन खुल्या थापा. सगळा जीव त्या दोन थापांत. तिथंच नाचणाऱ्याचा पाय उचलतो, तिथंच पितळी बाजे उडी घेतात.

"अन् मले तेच जमेना. बाकी सारं येक महिन्यात आलं. पण शेवटी आलो का हात वरच राहे. बाबानं शिकवलेला हात. मास्तर म्हने, बुडत्या मानसावानी हात वर काऊन धरतो? फूटपट्टी घेऊन बसे तो. हात वर राह्यला का मारे." त्यानं बोटांची पेरं पुढं केली. उजव्या हाताच्या दोन पेरांवर हाड वाढल्यासारख्या गाठी होत्या. "येक पावसाळा गेला. दुसरा गेला. रात्री मिठाच्या पान्यात हात बुडवून बसो मी."

"मंग?"

"मंग येक दिवस हात खाली आला. आपोआप. मास्तरनं मले मिठाई चारली."

"खाल्ली तू?"

"खाल्ली."

नदीच्या पलीकडं कोणी गुरं हाकत होतं. पंचफुलाबाईनं भाकर सोडली नाही, तशीच पदराखाली ठेवली. "वाजव वाट," म्हणाली.

जंगलूनं ढोल गळ्यात घातला, डोळे मिटले. पहिल्या थापेलाच तिनं ओळखलं, तो कवडूचा हात होता, खोकल्याच्या आधीचा, तरणा. धुम् ताक, धुम् ताक, धुम्... हात हवेत राहिला. पुन्हा आला, पुन्हा राहिला. ती प्रत्येक मोकळ्या जागी श्वास धरत होती आणि प्रत्येक जागा मोकळी सुटत होती. एकही भरली नाही. तो थांबला तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता, नांगर धरल्यासारखा.

"लय जोर लागते काय रे हात वर धराले?" तिनं विचारलं.

"लागते," तो म्हणाला.

ते उत्तर तिनं ऐकलं, पण त्याचा विचार केला नाही. तिला हवं ते तिच्या कानांनी ऐकलं होतं. परत येताना ती मुद्दाम डोमाजीच्या दारावरून गेली आणि थांबून म्हणाली, "घनश्यामले सांगजो, खांद्यावर फडक्याची घडी घालून ठेव म्हनावं. त्याले खांदाच द्याचा हाये."

हरभऱ्याची सोंगणी सुरू होती तेव्हा कवडू गेला. सकाळची वेळ. ती वांग्यांना पाणी देऊन आली, तर त्यानं खुणेनं ढोल जवळ मागितला. जंगलूनं तो खुंटीवरून काढून खाटेवर टेकवला. कवडूनं कातड्यावर तळहात ठेवला, वाजवला नाही, नुसता ठेवला. मग तो हात जड झाला.

बायकांनी पंचफुलाबाईच्या बांगड्या फोडल्या. कवडूला न्हाऊ घातलं, नवं धोतर नेसवलं, तिरडीवर बांधलं. ती मोठ्यानं रडली नाही. शकुबाई शेजारीण म्हणाली, रडून घे वं बाई, तशी ती म्हणाली, "आधी त्याले नीट जाऊ दे. रडाले मले लय दिवस हायेत."

घनश्याम पुढच्या खांद्याला लागला. डोमाजी सर्वांच्या पुढं, पाण्याचं मडकं घेऊन. त्याच्या मागं जंगलू, गळ्यात ढोल. त्यांच्यात बायका घरी राहत नाहीत, त्या मागं चालल्या. निघताना शकुबाई मात्र शेणाची पाटी घेऊन मागं थांबली, मढं उठलं की जागा सारवायची असते म्हणून.

वाट सुरू झाली. टोल्यातली माणसं तोंड दाबून चालत होती. विहीर गेली, चिंच गेली, हरभऱ्याची वावरं गेली. हात वर जात होता आणि राहत होता. पंचफुलाबाई मोकळी जागा आली की मनात म्हणायची, टाक पाऊल. आणि तिला वाटायचं, त्यानं टाकलं. तो चाललाय. जिनातून दमून यायचा तसा नाही, लग्नाआधी बाजाराच्या वाटेवर पाहिला होता तसा, सरळ पाठीनं चाललाय.

मसणात जायला पक्की सडक ओलांडावी लागे. तिथं एक चहाचं हॉटेल होतं. ट्रक उभे राहत, बाकांवर माणसं असत. मढं येताना पाहून एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली, बाजूला घेतली. मान द्यायलाच थांबवली बिचाऱ्यानं. पण इंजिन चालूच होतं, धुकधुक, धुकधुक, एकसारखं. बाकांवरची माणसं उठून सडकेच्या कडेला उभी राहिली. ढोल त्यांनी असा कधी ऐकला नसावा. सारे जंगलूच्या हातांकडं बघायला लागले. कोणी टोपी काढली. एक क्लीनर, तरणा पोरगा, नकळत पायाचा अंगठा हलवायला लागला.

पंचफुलाबाईनं तो अंगठा पाहिला. आणि मग पोराचे खांदे पाहिले. ते बदलले होते. मघापासून ओझं वाहिल्यासारखे होते, ते सैल सुटले, किंचित झुलले. इंजिन मागं ठेका धरून होतं, माणसं बघत होती, आणि जंगलूचा हात वर गेला तो राहिला नाही.

धुम्-धुम्.

डोमाजी जागीच थांबला. त्याच्या हातातलं मडकं हिंदकळलं. जंगलूला कळलंच नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले होते. दुसरी फेरी त्यानं पहिलीपेक्षा चांगली वाजवली, शेवटच्या दोन थापा अशा मोकळ्या, अशा भरून की क्लीनरचा पाय सगळाच्या सगळा उचलला.

"थांब!"

ती ओरडली तेव्हा ट्रकवालाही दचकला, त्यानं इंजिन बंद केलं. आणि त्या शांततेत जंगलूनं डोळे उघडून स्वतःच्या हातांकडं पाहिलं. ते कातड्यावर होते. दोन्ही.

 खांदेकऱ्यांनी डोमाजीकडं पाहिलं, डोमाजीनं पंचफुलाबाईकडं. तिनं मान हलवली. सडकेच्या अलीकडूनच तिरडी वळली. माणसं वाट सोडून बाजूला झाली, आणि कवडू पाय पुढं करून आपल्या घराकडं निघाला.

शकुबाईनं अंगण सारवून टाकलं होतं. शेण ओलंच होतं, त्यावर तिच्या बोटांच्या रेघा होत्या. मढं परत येताना पाहून तिनं पाटी टाकली आणि तोंडावर पदर घेतला. दुसरीकडं ठेवायला जागा नव्हती. कवडूला त्या ओल्या शेणात टेकवलं, नव्या धोतराचा काठ हिरवा झाला.

पंचफुलाबाई त्याच्या उशाशी बसली. विडी विसरला म्हणून, टोपी विसरला म्हणून जिनाच्या वाटेवरून तो हजारदा परत यायचा आणि ती दारातूनच विचारायची, तसंच तिनं गोंडीत विचारलं, "आलास का परत?"

मग ती उठली. जंगलू अंगणाच्या कडेला उभा होता, ढोल गळ्यातच. तिनं त्याच्या मानेवरून पट्टा काढला. बाईनं त्या ढोलाला हात लावायचा नसतो, पण त्या दिवशी डोमाजीसुद्धा काही म्हणाला नाही. ढोल तिनं घनश्यामच्या गळ्यात घातला.

"मोठी माय, माहा हात मुसळावानी हाये," घनश्याम घाबरून म्हणाला. "मोठे बाबा जंगलूचं नाव घेऊन गेले."

"मुसळ बी वर उचलाच लागते, बाबू. वाजव."

पुढच्या खांद्याला जंगलू लागला. घनश्यामनं वाट वाजवली, कांडल्यासारखी, रुक्ष. ऐकावीशी वाटेल असं तिच्यात काही नव्हतं. हॉटेलपुढची माणसं एकदा बघून पुन्हा चहाकडं वळली. पण हात वर जाई आणि तिथंच राही, एकूण एक वेळा. सडक ओलांडली. मसणात खड्डा तयार होता. कवडूला त्यात उतरवलं आणि सगळ्यांनी माती दिली.

दिवस कलला तेव्हा अंगणात तिघं उरली. डोमाजी भिंतीला टेकून, पंचफुलाबाई उंबऱ्यावर, आणि जंगलू खाली, हात दोन्ही मांड्यांत दाबून. बोटं गप्प होती. ती तशीच गप्प असावीत म्हणून तिनं आठ दिवस आरडाओरड केली होती, आणि आता तिला ती बघवत नव्हती.

"माय, मले कळलंबी नाई," तो म्हणाला.

"ते मले मालूम हाये. लोक पाह्यले का तुहा हात तिकडे जाते."

"अजून येक गोठ हाये." त्यानं मान वर केली नाही. "मास्तरनं मले शिकवलं, तं म्हने आता तुह्याकडचं काही दे. माह्याजवळ दुसरं काय होतं? मी त्याले वाट देली. होटलात वाजवतो आमी ती, जलद करून. त्या मोकळ्या जागी मास्तर पितळी थाळीवर काडी मारते. लोकायले लय आवडते ते. साहेब, मडमा, सारे त्या जागी येकदम टाचा आपटतात."

डोमाजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पंचफुलाबाईला दिसलं. चकचकीत फरशी, बूट, उंच टाचा, सगळ्यांचे पाय एका ठिकाणी पडताहेत. सासूचं, सासऱ्याचं, हैज्याच्या साथीत गेलेल्या थोरल्या लेकीचं पाऊल जिथं पडलं त्या जागी. आणि ती पावलं उचलणाऱ्यांना काहीच माहीत नाही. हसताहेत.

"बाप जित्ता असताना देली तू?"

"हो."

 मग जंगलू घाईघाईनं म्हणाला, "मी जात नाई आता. इथंच राह्यतो. तो ढोल फोडून टाकतो. घनश्यामजवळ बसून पुन्हा शिकतो, माय. तुह्यासाठी."

"वयनी," डोमाजी हळूच म्हणाला, "पोरगा हाये. शिकतो म्हंते."

पंचफुलाबाई उंबऱ्यावरून उठली. गुडघ्यांवर हात देऊन उठली, आणि पोरापुढं येऊन उभी राहिली. आवाज तिनं चढवला नाही. शेजारच्या घरांना ऐकू जाऊ नये असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती.

"फोडू नको. त्या ढोलानं काय केलं? त्या काळ्या लोकायनं जिवावर जपला तो. तुह्या हातातबी खोट नाई, तुह्या बापाचाच हात हाये तो. पण त्याले तू मिठाई चारली, जंगलू, आता तो मिठाईच मांगीन. वर धराले जोर लागते म्हंलं तू मले नदीवर. मी तवाच समजाले पाह्यजे होतं. बुढ्याले वर धराले कधी जोर नाई लागला. तू जाय कलकत्त्याले. वाजव, पोट भर, मी तुले शिव्याशाप देत नाई. फक्त त्या लोकायचे मेलेले कसे जातात ते कोनाले तरी इचारजो, मंगच त्यायच्या ढोलाले हात लावजो. बापाचा ढोल घनश्यामच्या खुंटीले राहीन. अन् मी मेली का येजो. खांदा देजो, माती देजो, रडाचं तं रडजो. पण वाट तू वाजवाची नाई. माह्या पावलाची जागा तू भरशील, बाबू, अन् मले ह्या अंगणात परत नाई याचं."